सिल्व्हेस्टर रोपर आणि त्याची वाफेवर चालणारी दुचाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपरचं नाव काढलं की लोक आधी विचारतात हा कोण, आणि जरा सांगायला लागलं की प्रश्नांची रांगच लागते, गाडी स्टार्ट कशी व्हायची, अ‍ॅव्हरेज काय द्यायची, बसणारा भाजायचा नाही का, फुटली नाही का कधी. दरवेळी तेच प्रश्न येतात म्हणून मला माहीत आहे तेवढं सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. माणूस फार मोठा होता आणि त्याचं नाव आपल्याकडे बाइकवेड्यांनासुद्धा माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोपर नक्की कोण होता?

पूर्ण नाव सिल्व्हेस्टर हॉवर्ड रोपर. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात फ्रान्सिसटाउन म्हणून छोटं गाव आहे, तिथे २४ नोव्हेंबर १८२३ ला जन्मला. वडील लाकडी फर्निचर करणारे कारागीर, त्यामुळे हत्यारं लहानपणापासून हातात. बाराव्या वर्षी त्याने स्वतः वाफेचं छोटं इंजिन तयार केलं होतं. पुढे तो बॉस्टनकडे आला आणि रॉक्सबरीत राहिला, ते आता बॉस्टन शहरातच धरतात. मोठा कारखानदार वगैरे नव्हता, शेवटपर्यंत मेकॅनिकच राहिला, स्वतःच्या हाताने जोडायचं, स्वतः चालवून बघायचं, बिघडलं की परत खोलायचं.

म्हणजे मोटरसायकलचा शोध यानेच लावला का?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मोटरसायकल कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. पेट्रोलचंच इंजिन पाहिजे असा आग्रह असेल तर मान जर्मनीच्या गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांना जातो, त्यांची राइटवॅगन १८८५ ची, २६४ सीसी आणि अर्धा हॉर्सपॉवर, आणि तिला बाजूला आधाराची दोन छोटी चाकं होती, लहान मुलांच्या सायकलला लावतात तशी. पण इंजिनाच्या जोरावर पळणारी आणि माणूस वर बसून चालवतो अशी दुचाकी एवढंच बघायचं असेल तर रोपर त्यांच्या पंधराएक वर्षं आधीचा आहे. त्याची पहिली वाफेची दुचाकी साधारण १८६७ ते १८६९ मधली धरतात, स्मिथसोनियन म्युझियम साधारण १८६९ म्हणतं.

त्याच काळात फ्रान्समध्येसुद्धा लुई-गियोम पेरो नावाच्या माणसाने मिशो या सायकल बनवणाऱ्याच्या सायकलवर छोटं वाफेचं इंजिन बसवलं, पेटंट १८६९ चं. दोघांमध्ये आधी कोण यावर अजून एकमत नाही. मला विचाराल तर अमुक महिना आधी की तमुक महिना यात फार अर्थ नाही, कारण मधे एवढा मोठा समुद्र असताना दोन माणसांना एकाच वेळी तीच गोष्ट सुचली हेच मला जास्त भारी वाटतं. पण एक फरक मात्र मी नक्की सांगेन. रोपर एक गाडी करून थांबला नाही, तीसेक वर्षं तेच करत राहिला, चारचाकी-दुचाकी मिळून दहाएक वाफेच्या गाड्या त्याने बनवल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्या स्वतः चालवल्या. "पहिला कोण" हे भांडण बाजूला ठेवलं तरी हे उरतंच.

त्याच्या आधी रस्त्यावर वाफेच्या गाड्या नव्हत्याच का?

होत्या की. फ्रान्समध्ये क्यूनोची तोफा ओढायची तीनचाकी १७६९-७० ची, आणि इंग्लंडमध्ये ट्रेव्हिथिकने १८०१ मध्ये कॉर्नवॉलच्या कॅमबोर्न गावात रस्त्यावर वाफेची गाडी चालवून दाखवली होती. पण त्या सगळ्या अवजड, चालवायला एक माणूस आणि भट्टीकडे बघायला दुसरा. नंतर तर इंग्लंडने १८६५ मध्ये कायदाच केला की अशी गाडी गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल यापेक्षा जोरात न्यायची नाही आणि पुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल झेंडा घेऊन चालायचं. त्याच सुमाराला रोपर बॉस्टनमध्ये एकट्याने बसून चालवता येईल अशी गाडी बनवत होता.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ची. म्हणजे मुंबईकरांनी रुळावरचं वाफेचं इंजिन बघितलं त्याला दहा वर्षं झाली होती तेव्हा रोपरने ती वाफ रुळावरून उतरवून घोडागाडीएवढ्या गाडीत बसवली.

पहिली गाडी दुचाकीच होती का?

नाही, आधी चारचाकी. १८६३ मध्ये, म्हणजे अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना. घोड्याची बग्गी असते तशीच दिसायला, फक्त घोडा नाही, बॉयलर मागच्या बाजूला. त्या वर्षीच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात तिच्याबद्दल छापून आलं होतं. दोन हॉर्सपॉवर, वजन ६५० पौंड म्हणजे साधारण २९५ किलो, वेग ताशी २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर. मोठी लोकोमोटिव्ह छोटी करून लोकांनी आधीही बघितली होती, पण ही अशी होती की घरातला माणूस बसून बाजारात जाऊन येईल.

अ‍ॅव्हरेज किती द्यायची?

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं :) चारचाकीचा खर्च तेव्हा मैलाला एक सेंट सांगितला होता. शेवटची जी सायकल त्याने बनवली ती एकदा कोळसा-पाणी भरलं की सात-आठ मैल जायची, म्हणजे अकरा ते तेरा किलोमीटर. वाफेच्या गाडीत कोळशापेक्षा पाण्याचीच चिंता जास्त असते हे लक्षात घ्या. वाफ एकदा सिलिंडरमध्ये काम करून गेली की धुराड्यातून बाहेर, परत पाणी करून वापरायची सोय एवढ्याशा गाडीवर बसवणं अवघडच.

बॉयलर सायकलवर मावला कसा? काम कसं करायचा?

आमच्या आजोळी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. ज्यांनी बंब पेटवलाय त्यांना रोपरचा बॉयलर समजायला पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. मधे उभी नळी, तिच्यात कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, खाली जाळी आणि राख पडायला जागा, नळीच्या भोवती पाणी. आगीच्या चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे ऊष्णता वाया जात नाही आणि पाणी पटकन तापतं. रोपरचा बॉयलर याच जातीचा, उभा, मधे आग, फक्त दोन फरक. एक म्हणजे नुसती एक मोठी नळी न ठेवता आगीची धग जायला बारीक बारीक नळ्या, त्यामुळे पाण्याला धग लागायची जागा कितीतरी वाढते. आणि दुसरा, सगळ्यात महत्त्वाचा फरक, बंब वरून उघडा असतो, वाफ निघून जाते, आणि रोपरचा बॉयलर गच्च बंद. वाफेला जायला वाट एकच, सिलिंडरकडे.

पहिल्या दुचाकीत हा बॉयलर दोन चाकांच्या बरोबर मधे स्प्रिंगवर टांगलेला होता, म्हणजे आज बाइकचं इंजिन जिथे असतं तिथेच. सीटच्या मागून छोटं धुराडं वर आलेलं. दोन्ही बाजूंना एकेक लहान सिलिंडर, त्यांचे दांडे थेट मागच्या चाकाच्या आसावरच्या क्रँकना, म्हणजे आस फिरवणाऱ्या वाकड्या दांड्यांना, जोडलेले, रेल्वे इंजिनाला असतात तसेच. वापरलेली वाफ धुराड्यात सोडलेली, त्यामुळे ओढ वाढते आणि आग आपोआप फुलते, ही युक्ती पण रेल्वेवाल्यांचीच.

आणि पाणी कुठे? तर सीटमध्ये. सीट हीच पाण्याची टाकी! डाव्या बाजूच्या क्रँकवर एक छोटा पंप होता, गाडी चालली की तो टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलत राहायचा. पाणी किती आहे ते बघायला बॉयलरला खालीवर तीन तोट्या, खालची उघडली तर पाणीच आलं पाहिजे, वरची उघडली तर वाफ. खालच्या तोटीतूनही वाफ आली तर समजायचं पाणी संपत आलंय आणि ताबडतोब काहीतरी केलं पाहिजे. किती साधं आहे बघा, काच नाही काटा नाही आणि तरी बिनचूक.

गियर, क्लच?

नव्हते, आणि गरजही नव्हती. पेट्रोल इंजिन ठराविक फेऱ्यांखाली गेलं की बंद पडतं म्हणून आपल्याला क्लच-गियर लागतात. वाफेचं तसं नाही, दाब पिस्टनवर असतोच, चाक उभं असलं तरी पूर्ण जोर तयार, झडप उघडली की निघाली. पिस्टन नेमका अशा जागी उभा राहिला की जिथून त्याला ढकलताच येत नाही तर अडचण होते, म्हणून वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर बरे पडतात, एक अडला तर दुसरा ढकलतो.

एक हिशोब करून बघितला होता. त्या दुचाकीची चाकं ३४ इंची, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण २.७ मीटर पुढे जाणार, आणि इंजिनाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. ताशी २० किलोमीटरला मिनिटाला फक्त १२० च्या आसपास फेरे होतात. आजच्या बाइक नुसत्या उभ्या असताना हजार-बाराशेवर फिरत असतात! किती शांत चालत असेल ती, फक्त वाफेचा फस् फस् आवाज.

मग एक्सलेटर कसा होता?

माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे. त्या दुचाकीचं हँडल म्हणजे सरळ दांडा, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, आणि तो दांडा पिळला की वाफेची झडप उघडायची. उलटा पिळला की पुढच्या चाकावर ब्रेक दाबला जायचा. आपण आज रोज सकाळी गाडीचा कान पिळतो ना, ती हालचाल या माणसाने १८६० च्या दशकात बसवून ठेवली होती! मूठ पिळून वेग वाढवायची पद्धत रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिचं श्रेय बऱ्याच वेळा ग्लेन कर्टिस किंवा इंडियन नावाच्या अमेरिकन मोटरसायकल कंपनीला दिलं जातं. त्यांचं काम मोठं आहेच, पण रोपरची गाडी त्यांच्या तीस-पस्तीस वर्षं आधी होती हे सांगायलाच पाहिजे. हात हँडलवरून न काढता वेग कमी-जास्त करता आला पाहिजे हे स्वतः गाडीवर बसणाऱ्या माणसालाच सुचणार.

स्टार्ट करायला किती वेळ लागायचा?

बटन दाबलं नि निघालो असं काही नाही. पाणी भरा, कोळसा पेटवा, फुलू द्या, दाब चढेपर्यंत थांबा. आणि गाडी निघाली तरी लक्ष तीन ठिकाणी, रस्ता, आग, पाणी. वाफेच्या गाड्या मागे पडल्या त्याचं एक मोठं कारण हे थांबणं आहे.

पाय भाजायचे नाहीत का?

भट्टी दोन पायांच्या मधे आणि धुराडं पाठीमागे, त्यामुळे धग लागत असणारच. त्यात चाकं लाकडी, वर लोखंडी धाव, रबर नाही. तेव्हाच्या साध्या सायकलींना इंग्लंड-अमेरिकेत लोक हाडं खिळखिळी करणारी असंच म्हणायचे. दगडी रस्त्यावर अशा सायकलवर बसायचं आणि खाली पेटलेला कोळसा, विचार करा.

मग विकल्या किती?

दुकानात जाऊन घ्यावी अशी ती कधी झालीच नाही. रोपरच्या गाड्या लोकांनी बघितल्या त्या जास्त करून जत्रांमध्ये आणि सर्कशींमध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. ऑस्टिन नावाचा एक माणूस त्या गावोगाव नेऊन दाखवायचा, घोड्यांबरोबर शर्यती लावायचा. गंमत म्हणून लोक तिकीट काढायचे पण अशी एखादी आपल्या दारात असावी असं कोणाला वाटलं नाही. वर झालं काय की दाखवणारा ऑस्टिन म्हणून बऱ्याच ठिकाणी दुचाकी त्याच्याच नावावर चढली, ऑस्टिनची वाफेची सायकल म्हणून. ज्याने रात्री जागून एकेक नळी बसवली त्याचं नाव बाजूला आणि खेळ दाखवणाऱ्याचं पुढे, हे मला फार लागतं.

फक्त गाड्याच बनवायचा का?

छे, बरंच काही. शिलाई मशीन, गरम हवेवर चालणारं इंजिन, आगीतून सुटकेची शिडी. बंदुकांमध्ये तर त्याचं नाव आजही घेतात. एकामागून एक बार काढता येतील अशा शॉटगनचं पेटंट १८६६ चं, आणि १८६८ मध्ये त्याने नळीच्या तोंडाला फिरवून बसवायचा चोक काढला, म्हणजे छरे किती पसरायचे ते बदलता येतं. नंतर ख्रिस्तोफर स्पेन्सरबरोबर पंप शॉटगनवर काम केलं, ते १८८२ च्या आसपास. मला बंदुकांत फार गती नाही म्हणून एवढंच.

त्याच्यानंतर कोणी वाफेची दुचाकी केली का?

केली. १८८० च्या दशकात अ‍ॅरिझोनात लुशियस कोपलंडने स्टार नावाच्या सायकलवर छोटं वाफेचं इंजिन बसवलं आणि पुढे तीनचाकी गाड्याही काढल्या. जर्मनीत १८९४ ला हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची पेट्रोलची मोटरसायकल आली, विकण्यासाठी पद्धतशीर उत्पादन झालेली पहिली हीच. तिच्यातसुद्धा दोन्ही बाजूंचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते, वाफेच्या इंजिनासारखेच! म्हणजे पेट्रोल आलं तरी डोक्यातून वाफ गेली नव्हती.

चारचाकीत तर वाफ बरीच वर्षं टिकली. १९०० साली अमेरिकेत एकूण ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. हा आकडा मी जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा लोकांना खोटा वाटतो. रोपरच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टॅनली या जुळ्या भावांनी वाफेच्या मोटारींचा चांगला धंदा केला, आणि १९०६ मध्ये त्यांची गाडी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ताशी १२७ मैलांच्या वर, म्हणजे २०५ किलोमीटरने पळाली. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, १९१२ ला कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट गेली, आणि वाफेला थांबायला कोणाकडे वेळ उरला नाही.

तो गाडीवरच गेला असं ऐकलंय, खरं आहे का?

हो, खरं आहे.

आयुष्याच्या शेवटी-शेवटी, १८९४-९६ च्या सुमाराला, त्याने परत दुचाकी हातात घेतली. तोपर्यंत सायकल पार बदलली होती, दोन सारखी चाकं, हवा भरलेले रबरी टायर. पोप कंपनीची कोलंबिया सायकल घेऊन तिच्या सांगाड्यात त्याने नवीन छोटं वाफेचं इंजिन बसवलं, सगळं मिळून १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. आजच्या स्कूटरपेक्षा हलकी! आणि बॉयलरचा दाब चौरस इंचाला १६० पौंडांपर्यंत. आपल्या घरातला कुकर साधारण १५ पौंडाला शिट्टी देतो, त्याच्या दहापट दाब बुडाखाली घेऊन सत्तरी पार केलेला माणूस बॉस्टनच्या रस्त्यांवरून फिरायचा.

१ जून १८९६. बॉस्टनला लागून असलेल्या केम्ब्रिजला चार्ल्स नदीजवळ सायकल शर्यतींचा ट्रॅक होता, तिथे तो गाडी घेऊन गेला. त्या काळी शर्यतीचे सायकलवाले सराव करताना पुढे कोणीतरी वेगाने जाणारा घ्यायचे, त्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, आणि ते काम वाफेच्या सायकलने होईल का हे बघायचं होतं. रोपरने काही फेऱ्या मारल्या, नावाजलेले सायकलपटू मागे लागले पण त्यांना गाठता येईना. एक मैल दोन मिनिटं १.४ सेकंदात, म्हणजे ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. वय ७२. मग अजून जोरात जाऊन बघतो म्हणून परत निघाला, आणि लोकांनी बघितलं की गाडी डगमगायला लागली, मग तो पडला. धावत जाऊन उचललं तोपर्यंत संपलेला होता. डोक्याला जखम होती, पण तपासणीत हृदय बंद पडल्याचं निघालं. आधी हृदय थांबलं म्हणून पडला की पडला म्हणून थांबलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

लोक याला अपघात म्हणतात आणि गाडीला दोष देतात, तेवढं कृपा करून करू नका. बॉयलर फुटला नाही, काही तुटलं नाही.

या गाड्या आज बघायला मिळतात का?

१८६९ च्या सुमाराची दुचाकी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आणि चारचाकी बग्गी मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये, ती १८६५ ची धरतात आणि त्यांच्याकडची ती सगळ्यात जुनी अमेरिकन मोटार आहे. डेट्रॉइटकडे आपली पुष्कळ मराठी मंडळी राहतात, डिअरबॉर्न तिथून हाकेच्या अंतरावर, तर पाहुणे आले की नुसतं नायगारा-नायगारा करू नका, हिच्यासमोर पण नेऊन उभं करा. फ्रान्सची पेरोची गाडी पॅरिसजवळच्या सो (Sceaux) या गावातल्या म्युझियमची. रोपरचं नाव २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोटरसायकल हॉल ऑफ फेममध्ये पण घातलं.

घरी जुना बंब पडलाय, वेल्डिंग करून बॉयलर बनवू का?

नाही. अजिबात नाही. दोन-तीन उत्साही पोरांनी मला हे खरंच विचारलंय म्हणून शेवटी मुद्दाम लिहितोय. बंबाचा पत्रा दाबासाठी नसतोच, सांधे नुसते डाख देऊन जोडलेले असतात, आणि बंद भांड्यातलं उकळतं पाणी फुटलं की त्याची क्षणात वाफ होऊन कितीतरी पट फुगते, समोरचा माणूस वाचत नाही. रोपरने बाराव्या वर्षापासून साठ वर्षं हेच काम केलं होतं, तो दाब त्याच्या हाताला कळायचा. हौस असेल तर खेळण्यातलं तयार छोटं वाफेचं इंजिन मिळतं, सेफ्टी व्हॉल्व्हसकट, ते आणा, मोठ्या माणसासमोर चालवा, झडप हळू उघडा आणि चाक आपोआप निघतं तेव्हा हात लावून बघा, क्लच-गियर का लागत नाही ते तिथेच कळेल.